गोठा, रान आणि स्वयंपाकघर: अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनावरं पाळणारे, शेतावर राहणारे, विहिरीचं किंवा ओढ्याचं पाणी वापरणारे आणि रानाला लागून वस्ती असलेले लोक जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्नांची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ द्यावा लागतो.

हे जिवाणू म्हणजे नेमके कोणते?

पुढे चार नावं वारंवार येतील: कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, विष तयार करणारा ई. कोलाय आणि लिस्टेरिया. ब्रुसेलाचं नाव दुधाच्या संदर्भात येईल.

ई. कोलाय हे नाव ऐकून दचकायचं कारण नाही. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो आणि त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. घातक ठरतात ते शिगा नावाचं विष तयार करणारे प्रकार. त्यांतला सर्वांत परिचित ओ१५७. १९८२ मध्ये अमेरिकेत रक्ती जुलाबांच्या दोन साथी आल्या, तेव्हा तो पहिल्यांदा ओळखला गेला. अर्धवट शिजलेल्या खिम्यातून तो लोकांच्या पोटात गेला होता.

साल्मोनेलाचे अडीच हजारांहून जास्त प्रकार माहीत आहेत. त्यांतला टायफॉइडचा प्रकार फक्त माणसातच राहतो, जनावरांकडून येत नाही. या पानावर साल्मोनेला म्हटलं की बाकीचे प्रकार समजावेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. त्यातली सव्वा लाख मुलं पाच वर्षांखालची असतात. या आकड्यात विषाणू, परजीवी आणि रासायनिक विषंही धरलेली आहेत, पण जुलाब घडवणाऱ्या जंतूंचा वाटा सर्वांत मोठा आहे.

आमची जनावरं धडधाकट आहेत. मग काळजी कशाची?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि सगळा घोटाळा इथेच होतो. माणसाला आडवं करणारे यांतले कितीतरी जंतू जनावराला काहीच करत नाहीत. ओ१५७ चं विष पेशींवरच्या एका विशिष्ट रेणूला चिकटतं. माणसाच्या मूत्रपिंडात तो रेणू भरपूर असतो. गुरांच्या आतड्यातल्या रक्तवाहिन्यांत तो नसतो. त्यामुळे गाय रवंथ करत निवांत बसलेली असते आणि तिच्या शेणातून जंतू बाहेर पडत असतात.

हा जंतू गुराच्या आतड्यात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. त्याचा मुख्य मुक्काम आतड्याच्या अगदी शेवटी, गुदद्वाराजवळच्या काही सेंटीमीटरच्या पट्टीत असतो. शेणाचा पो तिथून घासून बाहेर पडतो आणि त्याच्या वरच्या थराला जंतू लागतात. ते शेण शेपटीला लागतं, शेपटी कासेवर आपटते, शेजारची गाय तिला चाटते. कळपातली सगळी गुरं सारखेच जंतू टाकतात असंही नाही. काही मोजकी जनावरं इतरांच्या हजारपट जंतू बाहेर टाकतात आणि गोठ्यातल्या एकूण जंतूंपैकी बहुतांश त्यांच्याकडूनच आलेले असतात. दिसायला ती इतरांसारखीच असतात. उन्हाळ्यात आणि दूध तुटलेल्या वासरांत हे प्रमाण वाढतं.

कोंबड्यांचंही तसंच. पक्ष्याच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश सेल्सिअस असतं आणि कॅम्पिलोबॅक्टरला नेमकं तेवढंच मानवतं. पूर्ण थवा बाधित असला तरी एकही कोंबडी मलूल दिसत नाही. म्हणून ‘जनावर निरोगी आहे’ यावरून ‘दूध, अंडी, मांस निर्धोक आहे’ असं ठरवता येत नाही.

जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात तरी कसे?

जवळपास सगळ्या वाटा विष्ठेतून निघतात. शेण, लेंड्या, शीट, माणसाचा मैला यांतले जंतू पाण्यात जातात, चाऱ्यात मिसळतात, मातीत पडतात, माशांच्या पायांना आणि बुटांच्या तळव्यांना लागतात आणि शेवटी कुणाच्या तरी तोंडात जातात. ते तोंड माणसाचं असेल, वासराचं असेल किंवा हरणाचं.

किती जंतू पोटात गेले की माणूस आजारी पडतो, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ओ१५७ चे शंभराहून कमी जंतू पुरतात. कॅम्पिलोबॅक्टरचे काहीशे पुरतात. साल्मोनेलाला साधारणपणे जास्त लागतात, पण तो गरम जागी ठेवलेल्या अन्नात स्वतःच वाढतो. कॅम्पिलोबॅक्टर अन्नात सहसा वाढत नाही. नेहमीचं तापमान आणि हवेतला प्राणवायू त्याला सोसत नाही, पण वाढण्याची त्याला गरजही पडत नाही.

हे सगळं रानटी प्राण्यांमुळे होतं ना?

बहुतेक वेळा नाही, आणि हे ठामपणे सांगायला हवं, कारण गैरसमजापोटी रान साफ केलं जातं आणि प्राणी मारले जातात.

रानटी प्राण्यांकडून आजार आल्याची पक्की उदाहरणं आहेत. २००८ मध्ये अलास्कात कच्चे मटार खाऊन सुमारे शंभर लोकांना कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झाली. मटारच्या शेतात उतरणाऱ्या क्रौंच पक्ष्यांच्या शिटेतून ती आली होती. २०११ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात स्ट्रॉबेरीतून ओ१५७ पसरला. शेतातल्या हरणांच्या लेंड्यांत तोच जंतू सापडला. ब्रिटनमध्ये दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणं पक्षी चोचीने फोडायचे आणि ते दूध पिणाऱ्यांना कॅम्पिलोबॅक्टरचा त्रास व्हायचा.

पण एकूण आजारांत यांचा वाटा पाहिला की चित्र बदलतं. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये कॅम्पिलोबॅक्टरच्या रुग्णांचे जंतू तपासून त्यांचं मूळ शोधलं गेलं, तेव्हा रानपक्ष्यांशी जुळणारे जंतू दोन ते साडेतीन टक्के रुग्णांतच निघाले. रानपक्ष्यांच्या आतड्यातले कॅम्पिलोबॅक्टरचे वाण बऱ्याचदा त्यांचे त्यांचेच असतात आणि माणसात फारसे आढळत नाहीत. माणसात आढळणारे वाण प्रामुख्याने कोंबड्या आणि गुराढोरांशी जुळतात.

रानडुक्कर, हरीण किंवा पक्षी यांच्यात जेव्हा ओ१५७ किंवा साल्मोनेला सापडतो, तेव्हा त्यांना तो कुठून मिळाला हाही प्रश्न विचारायला हवा. कळप चरतो त्याच कुरणात ते चरतात, त्याच पाणवठ्यावर येतात, गोठ्याच्या उकिरड्यावर टोचतात. २००६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या एका शेतातल्या पालकातून ओ१५७ ची मोठी साथ आली. सुमारे दोनशे लोक आजारी पडल्याची नोंद झाली. तपासात तोच वाण जवळच्या कुरणातल्या गुरांच्या शेणात, रानडुकरांच्या विष्ठेत आणि नदीच्या पाण्यात, तिन्ही ठिकाणी मिळाला. पालकापर्यंत तो यांतल्या नेमक्या कोणत्या वाटेने गेला, हे शेवटपर्यंत निश्चित झालं नाही. वर्तमानपत्रांत मात्र रानडुकराचंच नाव गाजलं.

मग शेताभोवतीची झाडी तोडली तर धोका कमी होईल का?

पालकाच्या साथीनंतर कॅलिफोर्नियात नेमकं हेच झालं. खरेदीदारांच्या दबावामुळे शेतकऱ्यांनी बांधावरची आणि ओढ्याकाठची झाडी काढून टाकली. पुढे हजारो भाज्यांच्या नमुन्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झाडी काढल्याने जंतू कमी झाले नव्हते. जिथे जास्त झाडी काढली गेली, तिथे उलट कालांतराने जंतूंचं प्रमाण अधिक वाढलेलं दिसलं.

याचं एक कारण समजण्यासारखं आहे. ओढ्याकाठचं गवत आणि झुडपं वाहून येणारं शेणमिश्रित पाणी अडवतात, गाळ धरून ठेवतात. शेणकिडे ताजं शेण गाडून टाकतात आणि मातीतले इतर जिवाणू या पाहुण्या जंतूंना टिकू देत नाहीत. सजीव माती आणि भरपूर शेणकिडे असतील तर ओ१५७ लवकर नाहीसा होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. ओढ्याकाठचा हिरवा पट्टा तोडण्यापेक्षा तो राखावा आणि गुरांना ओढ्यात उतरू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसाकडूनही प्राण्यांना हे जंतू जातात का?

जातात, आणि याची चर्चा फार कमी होते. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी, गळकी शौचालयं, उघड्यावर टाकलेला कचरा यांतून माणसाच्या आतड्यातले जंतू गुरांना आणि रानातल्या प्राण्यांना मिळतात. कचऱ्याच्या ढिगावर पोट भरणाऱ्या समुद्रपक्ष्यांत, प्रतिजैविकांना दाद न देणारे माणसाकडचे ई. कोलाय सापडले आहेत. स्कॉटलंडजवळच्या आयल ऑफ मे बेटावर सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या पिल्लांत कॅम्पिलोबॅक्टर मिळाला. त्याची जनुकीय ओळख जमिनीवरच्या शेतीशी आणि माणसांशी जुळणारी होती. म्हणजे तो पाण्याबरोबर वाहत समुद्रापर्यंत पोचला होता.

मोठा पाऊस झाला की पोटाचे आजार वाढतात. संबंध काय?

कुरणात आणि गोठ्याभोवती साठलेलं शेण पहिला जोरदार पाऊस एका दमात पाण्यात नेतो. वॉकर्टन आणि हॅवलॉक नॉर्थ ही दोन नावं इथे सांगायलाच हवीत.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातलं वॉकर्टन हे साधारण पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला. पाणीपुरवठ्याची एक विहीर उथळ होती आणि शेजारच्या शेतात शेणखत टाकलेलं होतं. पावसाने ओ१५७ आणि कॅम्पिलोबॅक्टर दोन्ही विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसं घातलं जात नव्हतं आणि नोंदी खोट्या होत्या. २,३०० हून जास्त लोक आजारी पडले, सात दगावले. नंतरच्या चौकशीने शेतकऱ्याला दोष दिला नाही. त्याने खत योग्य पद्धतीनेच वापरलं होतं. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. शेतावर सगळं रीतसर होऊनही पाण्याची राखण ढिली असेल तर माणसं मरतात.

न्यूझीलंडमधल्या हॅवलॉक नॉर्थमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये असंच झालं. अतिवृष्टीत शेजारच्या कुरणातल्या मेंढ्यांच्या लेंड्या तळ्यात वाहून आल्या आणि तिथून जंतू कूपनलिकेत झिरपले. पाण्यावर कोणतीही प्रक्रिया होत नव्हती. सुमारे चौदा हजार वस्तीत पाच हजारांहून जास्त लोकांना कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झाली, असा अंदाज आहे.

आमच्या विहिरीचं पाणी नितळ आहे. तपासायची गरज आहे का?

आहे. नितळपणा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत. प्रयोगशाळेत पाण्यातला साधा ई. कोलाय मोजतात. तो सापडला की पाण्यात विष्ठा मिसळते आहे हे नक्की, मग ती कुणाचीही असो. वर्षातून एकदा आणि मोठ्या पावसानंतर किंवा पुरानंतर तपासणी करावी. निकाल येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळावं. उकळी फुटली आणि मिनिटभर टिकली की हे जिवाणू मरतात.

विहिरीचा कठडा जमिनीपासून उंच असावा, भोवती सिमेंटचा उतार असावा, झाकण घट्ट बसावं. उकिरडा आणि शोषखड्डा चढाच्या बाजूला असू नयेत. कूपनलिकेचा पाइप जमिनीलगत कापलेला असेल, तर साचलेलं पाणी सरळ आत जातं. तो उंच करून घेणं हा या पानावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

शेणखत भाजीला घालायचं की नाही?

घालावं, पण कुजवून. ताज्या शेणातले साल्मोनेला आणि ओ१५७ मातीत कित्येक महिने तग धरू शकतात. ढीग नीट तापला तर ते मरतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत ढिगाचं तापमान किमान ५५ अंश सेल्सिअस पंधरा दिवस राहावं आणि त्या काळात ढीग पाच वेळा उलथावा, असं मोजमाप दिलं आहे. उलथण्याला महत्त्व आहे, कारण ढिगाचा गाभा तापतो तेव्हा बाहेरची साल गारच असते. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर गेलं नाही, तर सालीतले जंतू तसेच राहतात. वर्षभर नुसता पडून राहिलेला ढीग जुना असतो, पण तो तापलेला असेलच असं नाही. त्यावर रोज ताजं शेण पडत असेल तर मुळीच नाही.

कच्चं शेण वापरायचंच असेल, तर त्याच नियमांत मातीला टेकणाऱ्या पिकासाठी काढणीआधी १२० दिवस आणि न टेकणाऱ्या पिकासाठी ९० दिवसांचं अंतर सांगितलं आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या, गाजर, काकडी, स्ट्रॉबेरी यांच्या बाबतीत तरी हे काटेकोर पाळावं. तापलेल्या ढिगावर पुन्हा कोंबड्या उकरायला गेल्या किंवा गोठ्याचं पाणी वाहून आलं, तर मेहनत वाया जाते. तयार खत वेगळ्या जागी, झाकून ठेवावं. गोबरगॅसच्या रबडीत जंतू कमी होतात, पण साध्या तापमानावर चालणाऱ्या संयंत्रात सगळे मरत नाहीत.

मुरघासातून काही होऊ शकतं का?

लिस्टेरिया. मुरघास म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. तो नीट आंबला की आम्लता वाढते आणि लिस्टेरियाची वाढ थांबते. प्लॅस्टिक फाटलं, हवा शिरली, माती मिसळली तर त्या भागात आम्लता कमी राहते आणि तो वाढतो. तसा चारा खाल्लेल्या मेंढ्या आणि गुरं कधी मान एका बाजूला करून गोल गोल फिरू लागतात, कधी गाभडतात, आणि कधी काहीच लक्षण न दाखवता शेणातून आणि दुधातून जंतू टाकतात. बुरशी आलेला, कडेचा, काळपट भाग काढून टाका, जनावरांपुढे ठेवू नका.

उंदीर, घुशी आणि माशा यांचा कितपत हात असतो?

वाटतं त्यापेक्षा जास्त. कोंबड्यांच्या शेडमधले उंदीर साल्मोनेला एका थव्याकडून पुढच्या थव्याकडे नेतात. शेड रिकामी केली, धुतली, जंतुनाशक मारलं, तरी भिंतीतल्या बिळात उंदीर राहिला की नव्या पिल्लांना तोच जंतू मिळतो.

माशांबाबत डेन्मार्कमधला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. उन्हाळ्यात काही कोंबडीघरांच्या हवेच्या झरोक्यांना माशा अडवणाऱ्या बारीक जाळ्या लावल्या. जाळ्या नसलेल्या घरांतले सुमारे निम्मे थवे कॅम्पिलोबॅक्टरने बाधित झाले. जाळ्या असलेल्या घरांत हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास राहिलं. औषध नाही, लस नाही, नुसती जाळी.

कच्चं दूध पौष्टिक असतं म्हणतात. प्यायलं तर?

पिऊ नका. मुलांना, गरोदर बाईला आणि म्हाताऱ्या माणसांना तर अजिबात देऊ नका.

धार काढताना काय होतं ते जवळून पाहा. सडाच्या टोकाला वाळलेल्या शेणाचा नखाएवढा पापुद्रा चिकटलेला असतो. कोरड्या फडक्याने तो नीट निघत नाही. पहिल्या धारेबरोबर तो ओला होतो आणि त्याचा अंश भांड्यात उतरतो. वर सांगितल्याप्रमाणे शंभरापेक्षा कमी जंतू पुरत असतील, तर तेवढा अंश पुष्कळ झाला. गाळणीतून शेणाचा कण अडतो, जंतू अडत नाहीत. ब्रुसेला आणि गुरांचा क्षय यांचे जंतू तर कासेतूनच दुधात येऊ शकतात, मग बाहेरची स्वच्छता कितीही असो. ब्रुसेलामुळे होणारा माल्टा बेटावरचा ताप शेळ्यांच्या दुधातून येतो, हे तिथले डॉक्टर थेमिस्टोक्लेस झामित यांनी १९०५ मध्ये शोधलं. त्या शेळ्याही आजारी दिसत नव्हत्या.

दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं की हे जंतू मरतात. घरी उकळी आणली की काम होतं. त्याने पौष्टिकतेत नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. उकळलेलं दूध पुन्हा कच्च्या दुधाच्या भांड्यात ओतू नये आणि ते गार जागी ठेवावं. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, म्हणून फार दिवस साठवू नये. कच्च्या दुधाच्या मऊ चीजलाही हेच लागू आहे.

कोंबडी धुऊन घ्यावी का?

नको. नळाखाली धरली की शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. जंतू शिजवताना मरतात, धुताना नुसते पसरतात. मांस ज्या फळीवर आणि सुरीने चिरलं, ती साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका.

मांस पुरेसं शिजलं हे कसं ओळखायचं?

रंगावरून खात्री होत नाही. काट्याचा तापमापक असेल तर कोंबडीच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश आणि खिम्यात ७१ अंश सेल्सिअस आलं पाहिजे. अखंड तुकड्यात जंतू बाहेरच्या अंगाला असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा आतून कच्चा राहता कामा नये. शिकारीच्या मांसात एक जादा धोका असतो. गोळी आतड्यात लागली किंवा सोलताना आतडं फाटलं, तर विष्ठा मांसाला लागते. तो भाग उदारपणे कापून टाकावा. आतडी-कोथळा कुत्र्यांना कच्चा घालू नये, नाहीतर तेच जंतू कुत्र्याबरोबर अंगणात येतात.

भाजी नीट धुतली की पुरे ना?

धुतल्याने जंतू कमी होतात, संपत नाहीत. पानाच्या सुरकुत्यांत आणि कापलेल्या कडांवर ते घट्ट बसतात. वाहत्या पाण्याखाली धुवा, साबण लावू नका, बाहेरची पानं काढून टाका. खरी काळजी शेतात घ्यायची असते. शेणाचं पाणी वाहून येणाऱ्या ओढ्यातून पालेभाजीवर फवारा मारला, तर घरी कितीही धुतली तरी भरवसा नाही. मुळाशी ठिबकने दिलेलं पाणी पानावर पडत नाही, एवढा फरकही मोठा आहे.

मुलांना गोठ्यात जाऊ द्यावं का?

जरूर जाऊ द्यावं. जनावरांची ओढ मुलांपासून हिरावून घेण्याचं कारण नाही. फक्त बाहेर येताच साबणाने आणि वाहत्या पाण्याने हात धुवावेत. हाताला माती-शेण लागलेलं असताना सॅनिटायझर नीट काम करत नाही. गोठ्यात खाऊ, चोखणी, पाण्याची बाटली नेऊ नये. गोठ्यातले बूट घरात आणू नयेत. पाच वर्षांखालच्या मुलांवर विशेष लक्ष हवं, कारण वासराने बोटं चाटली की ती बोटं तोंडातच जातात, आणि ओ१५७ ने मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त असतो. गरोदर बाईने वेणाऱ्या किंवा गाभडलेल्या जनावराची वार उचलू नये. इतरांनीही हातमोजे घालूनच ती उचलावी आणि कुत्र्या-कोल्ह्यांना उकरता येणार नाही इतकी खोल पुरावी.

जनावरांना प्रतिजैविकं दिली तर हा प्रश्न सुटेल का?

सुटणार नाही, चिघळेल. निरोगी जनावरांना वाढीसाठी किंवा ‘असू दे’ म्हणून दिलेल्या औषधाने दाद न देणारे जंतू निवडून शिल्लक राहतात. ते शेणातून शेतात, पाण्यात, पक्ष्यांत पोचतात. औषधरोधाची जनुकं एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जाऊ शकतात. कोंबड्यांना एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिल्याने माणसाला होणारा कॅम्पिलोबॅक्टर औषधांना जुमानेना, म्हणून अमेरिकेने २००५ मध्ये त्याचा कोंबड्यांसाठीचा परवाना काढून घेतला. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविकं वापरायला बंदी घातली. आजारी जनावराला औषध द्यायलाच हवं. पशुवैद्यकाने सांगितलेलं, तितक्याच मात्रेत, तितकेच दिवस द्यावं. दूध आणि मांस न वापरण्याचा सांगितलेला काळही पाळावा.

जुलाब सुरू झाले तर काय करायचं?

पहिलं काम पाणी आणि क्षार भरून काढणं, म्हणजे ओआरएस. बहुतेक जण काही दिवसांत बरे होतात. शौचात रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं, ग्लानी, किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर बाई वा वृद्ध असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

रक्त पडत असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत आणि घरात उरलेलं प्रतिजैविक तर मुळीच नको. ओ१५७ असेल तर काही औषधांनी विष जास्त सुटून मूत्रपिंडाचा धोका वाढू शकतो. या जंतूच्या साधारण पाच ते दहा टक्के रुग्णांत मूत्रपिंडावर परिणाम होतो आणि तो जुलाब ओसरत असताना दिसू लागतो, म्हणून आठवडाभर लक्ष ठेवावं. कॅम्पिलोबॅक्टरनंतर साधारण हजारात एकाला गीयाँ-बारे हा नसांचा आजार होतो. जुलाब बरे झाल्यावर काही दिवसांनी पायांतली शक्ती जाऊ लागली तर तो मागचा आजार डॉक्टरांना आठवणीने सांगावा.

गुरं-कोंबड्या आहेत का, कच्चं दूध प्यायलं का, पाणी कुठलं, नुकती वासरं जन्मली का, हेही आपणहून सांगावं. डॉक्टर दर वेळी विचारतीलच असं नाही.

लक्षणं दिसायला किती वेळ लागतो?

साल्मोनेलाला सहा तास ते सहा दिवस, कॅम्पिलोबॅक्टरला साधारण दोन ते पाच दिवस, ओ१५७ ला बहुधा तीन ते चार दिवस. लिस्टेरियाला दोन महिन्यांहूनही जास्त काळ लागू शकतो. त्यामुळे शेवटच्या जेवणावर संशय घेणं बऱ्याचदा चुकतं.

एकाच वेळी पुष्कळ लोक आजारी पडले तर काय करावं?

आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा, आणि जनावरंही आजारी असतील तर पशुवैद्यकालाही. दोघांनी एकमेकांशी बोललं पाहिजे, असा आग्रह धरा. रुग्ण, गुरं, पाणी आणि अन्न यांतल्या जंतूंचा पूर्ण जनुकीय क्रम लावून ते एकाच वाणाचे आहेत का, हे आता ताडता येतं. पण त्यासाठी चारही ठिकाणचे नमुने हातात असावे लागतात.

घाबरून सगळं धुऊन-फेकून देऊ नका. उरलेलं अन्न झाकून, नाव आणि तारीख लिहून फ्रिजमध्ये बाजूला ठेवा. विहिरीत क्लोरीन टाकण्याआधी पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत भरून घ्या. प्रतिजैविक सुरू होण्याआधी रुग्णाच्या शौचाचा नमुना घेतला आहे ना, ते विचारा. नमुने घेऊन झाले की लगेच क्लोरीन टाका आणि निर्धोक असल्याचा निकाल हाती येईपर्यंत सगळ्यांनी उकळलेलं पाणीच प्यावं.